मेढ्यातील ‘जर्मन’ची मोड आणि जगाचा बाजार
ॲल्युमिनियमच्या भंगारासाठी देशोदेशींची चढाओढ. निवड करण्याच्या व्यवस्थेअभावी गावातील माल मात्र कमी दराने

मेढा : जुन्या भांड्यांची मोड देऊन नवे भांडे घेण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत रुजलेली आहे. तांब्या-पितळेच्या मोडीला मान असतो, दरही असतो. ‘जर्मन’च्या मोडीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ग्रामीण भागात ॲल्युमिनियमला आजही याच नावाने ओळखले जाते. ‘जर्मन सिल्व्हर’ हा तांबे, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू वेगळाच. परंतु त्याचे नाव या स्वस्त, पांढऱ्या भांड्यांना चिकटले ते कायमचे.

मोडीत शेवटचा मान असलेला हा धातू आता जगातील सर्वाधिक मागणीच्या भंगारांपैकी एक झाला आहे. आपल्याकडील भंगार बाहेर जाऊ नये म्हणून युरोप नियम कडक करीत आहे. अमेरिकेने धातूवर जबर आयातशुल्क लावताना भंगाराला त्यातून वगळले. काही वर्षांपूर्वी परदेशी भंगाराला दरवाजे बंद करणारा चीन पुन्हा मोठा खरेदीदार झाला आहे. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्यासारख्या गावातून भरून निघणारी भंगाराची गोणी याच साखळीचे पहिले टोक आहे.

भारत दरवर्षी पंधरा लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियमचे भंगार परकीय चलन मोजून आयात करतो. त्याच वेळी देशातील स्वयंपाकघरांतून, शेतांतून आणि गॅरेजांतून निघणारे भंगार एकमेकांत मिसळून, मळून, हलक्या प्रतीचे म्हणून विकले जाते. या विसंगतीचे मूळ धातूच्या गुणधर्मात आणि तो गोळा करण्याच्या पद्धतीत आहे.

गोणी जाते कोठे?

साताऱ्याहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर, वेण्णा नदीच्या खोऱ्यात मेढा वसलेले आहे. अशा तालुक्याच्या गावात मोठे कारखाने नसले तरी ॲल्युमिनियमचे भंगार अनेक वाटांनी तयार होते. पोचे पडलेली पातेली, निकामी झालेले कुकर, चहाच्या टपरीवरील किटल्या हा त्याचा घरगुती भाग. घरांची दुरुस्ती झाली की खिडक्यांच्या सरकत्या चौकटी निघतात. दुचाकीच्या गॅरेजमध्ये इंजिनाची फुटलेली कव्हरे आणि पिस्टन साठतात. पर्यटकांच्या वर्दळीमुळे शीतपेयांच्या डब्यांची भर पडते. असे सुमारे सत्तर डबे गोळा केले तर एक किलो धातू जमतो.

एसटीच्या गाड्या हा आणखी एक स्रोत. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांची बांधणी अनेक दशके ॲल्युमिनियमची होती. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळ पोलादी बांधणीकडे वळले. त्यामुळे मोडीत निघालेल्या जुन्या गाड्यांमधून मोठ्या प्रमाणात पत्रा बाहेर पडला. तो लिलावाने विकला जातो आणि त्याची गणना चांगल्या मालात होते, कारण तो एकाच जातीचा असतो. घरगुती भंगाराचे भाग्य तसे नाही.

गावोगाव फिरणारा फेरीवाला माल वजनावर विकत घेतो आणि गावातील भंगार दुकानदाराला देतो. तेथून तो तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणच्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे पुणे-मुंबईकडे जातो. मुंबईत कुर्ला आणि धारावी ही या व्यवसायाची जुनी केंद्रे. धारावीच्या ‘तेरा कंपाऊंड’ परिसरातील लहान भट्ट्यांत ॲल्युमिनियम वितळवून त्याच्या लाद्या पाडण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. मोठे कारखाने हेच काम प्रमाणित मिश्रधातू तयार करण्यासाठी करतात. त्यांच्या लाद्या वाहनांचे सुटे भाग ओतणाऱ्या उद्योगांकडे जातात.

या प्रवासात जावळीचा माणूस अनेकदा पुन्हा भेटतो. जावळी, पाटण या तालुक्यांतून मुंबईला गेलेल्या पिढ्यांनी माथाडी म्हणून बाजारपेठांतील ओझी वाहिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळालेल्या या कामगारांमध्ये सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. धान्याच्या पोत्यांप्रमाणेच लोखंड बाजारातील धातूचा मालही त्यांच्याच खांद्यांवरून गेला आहे.

दर लंडनचा, काटा गावाचा

मेढ्यातील दुकानदाराने सांगितलेला दर त्याच्या मर्जीचा वाटत असला तरी त्याचे मूळ लंडन मेटल एक्स्चेंजमध्ये असते. या बाजारात १९७८ पासून ॲल्युमिनियमचे व्यवहार होतात आणि तेथील डॉलरमधील भाव जगभर आधार मानला जातो. मुंबईतील मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवरील रुपयातील भाव त्याच्या मागोमाग हलतो. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर मार्च २०२२ मध्ये लंडनचा भाव टनाला ४ हजार डॉलरच्या पुढे गेला होता. रशिया हा या धातूचा मोठा उत्पादक असल्याने पुरवठा अडेल, ही भीती त्यामागे होती. त्या दिवसांत गावच्या काट्यावरही भंगाराचे भाव चढले, त्याचे कारण हेच.

मात्र लंडनचा भाव शुद्ध धातूचा असतो. भंगाराचा दर ठरविताना त्यातून एकेक वजावट होत जाते. माल वितळविल्यावर प्रत्यक्षात किती धातू हाती येईल, हा पहिला प्रश्न. पातेल्याला लोखंडी रिव्हेट असेल, किटलीला लाकडी मूठ असेल, कुकरमध्ये रबर राहिले असेल तर तेवढे वजन बाद. पातळ पत्र्याचा काही भाग भट्टीत हवेशी संयोग पावून राखेत जातो. जाड ओतीव भागांत ही घट कमी असते. त्यानंतर वाहतूक, मजुरी आणि मधल्या प्रत्येक व्यापाऱ्याचा नफा वजा होतो.

उदाहरणादाखल, एकाच जातीच्या १०० किलो स्वच्छ तारेतून बहुतेक सर्व धातू परत मिळतो आणि तो कशासाठी वापरता येईल हे आधीच माहीत असते. तेवढ्याच वजनाच्या मिश्र गोणीत काय आहे, हे वितळविल्याशिवाय कळत नाही. खरेदीदार या अनिश्चिततेची किंमत आधीच कापून घेतो आणि ती कपात साखळीच्या खालच्या टोकाला सोसावी लागते.

गोठवलेली वीज

ॲल्युमिनियमच्या भंगाराला एवढे मोल का, हे समजण्यासाठी धातू कसा तयार होतो ते पाहावे लागते. बॉक्साइट या खनिजापासून प्रथम ॲल्युमिना हे पांढरे चूर्ण करतात. त्यातून विजेच्या साह्याने धातू वेगळा काढण्याची रीत १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे शोधली. आजही मूळ रीत तीच आहे. ढोबळमानाने चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातू मिळतो. या शेवटच्या टप्प्यात एका टनाला सुमारे १४ हजार युनिट वीज लागते.

दरमहा १०० युनिट वीज वापरणाऱ्या कुटुंबाला ही वीज अकरा वर्षांहून अधिक काळ पुरेल. एक किलो वजनाच्या पातेल्यात १४ युनिट वीज साठलेली असते. तेवढ्या विजेवर दहा वॅटचा दिवा चौदाशे तास जळू शकतो. या धातूला ‘गोठवलेली वीज’ म्हणतात ते याचसाठी. जुना धातू पुन्हा वापरताना तो केवळ ६६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून वितळवावा लागतो. खनिजापासून नवा धातू बनविण्याच्या तुलनेत त्यासाठी सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. वितळविल्याने धातूचे गुण संपत नाहीत. आजवर जगात तयार झालेल्या ॲल्युमिनियमपैकी सुमारे तीन चतुर्थांश धातू कोणत्या ना कोणत्या रूपात अजूनही वापरात आहे, असा आंतरराष्ट्रीय ॲल्युमिनियम संस्थेचा अंदाज आहे.

विजेची किंमत जावळीला वेगळी सांगावी लागत नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी या तालुक्यातही पसरले आहे. साठच्या दशकात धरण पूर्ण झाले आणि राज्याच्या औद्योगिक वाढीला वीज मिळाली. त्यासाठी खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली आणि माणसे दूरच्या जिल्ह्यांत विस्थापित झाली.

खनिजाचा प्रश्नही सह्याद्रीशी जोडलेला आहे. घाटमाथ्यावरील जांभ्या दगडाच्या पठारांमध्ये काही ठिकाणी बॉक्साइट आढळते. कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडी येथून काढलेले बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना प्रकल्पाला पुरविले गेले. राधानगरी आणि शाहूवाडी परिसरात या खाणींवरून पर्यावरणवादी आणि खाण व्यावसायिक यांच्यात अनेकदा संघर्ष झाला. मेढ्याजवळचे कासचे पठारही जांभ्याचेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश आहे. अशा पठारांवरील मातीचा थर काही इंचांचा असतो आणि रानफुलांचे सारे वैभव त्यावर उभे असते. वितळविलेल्या प्रत्येक टन भंगारामागे चार टन बॉक्साइट जमिनीतच राहते. त्याबरोबर खनिज शुद्ध करताना उरणारा दोन-तीन टन तांबडा गाळही टळतो.

देशोदेशींची चढाओढ

जगात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमपैकी सुमारे एक तृतीयांश धातू भंगारातून येतो. हे प्रमाण वाढविण्याची घाई आता सर्वांनाच झाली आहे. त्यामागे काटकसरीपेक्षा कार्बनचा हिशेब अधिक आहे. एक टन नव्या धातूमागे जगात सरासरी सुमारे १५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या प्रकल्पांत त्याहूनही जास्त. पुनर्प्रक्रिया केलेल्या धातूत हे प्रमाण एका टनापेक्षाही कमी राहू शकते.

या बाजाराला पहिला मोठा धक्का चीनने दिला. एके काळी जगाचे भंगार सामावून घेणाऱ्या चीनने परदेशी कचरा नको म्हणून २०१८ पासून आयातीवर बंधने आणली. युरोप-अमेरिकेतील माल भारत, मलेशिया आदी देशांकडे वळला. नोव्हेंबर २०२० पासून चीनने ठरावीक प्रतीच्या मालाला ‘कचरा’ या व्याख्येतून बाहेर काढून ‘कच्चा माल’ म्हणून आयातीची वाट मोकळी केली. नव्या धातूच्या उत्पादनक्षमतेला साडेचार कोटी टनांची मर्यादा त्या देशाने २०१७ मध्येच घालून घेतली होती. साहजिकच वाढीव मागणी भंगारातून भागविणे भाग पडले. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कृती आराखड्यात २०२७ पर्यंत पुनर्प्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमचे उत्पादन दीड कोटी टनांच्या पुढे नेण्याचे उद्दिष्ट आहे.

अमेरिकेने जून २०२५ मध्ये आयात ॲल्युमिनियमवरील शुल्क ५० टक्के केले आणि भंगार त्यातून वगळले. नवा धातू महाग झाल्याने तेथील कारखान्यांना भंगार अधिक आकर्षक वाटू लागले. त्याची झळ युरोपला बसली. २०२४ मध्ये युरोपीय संघातून सुमारे साडेबारा लाख टन ॲल्युमिनियमचे भंगार बाहेर गेले होते. आपल्याच भट्ट्यांना माल मिळत नाही, अशी तेथील उद्योगांची तक्रार होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने निर्यातीवर मर्यादा आणण्याची तयारी जाहीर केली. त्याखेरीज कचऱ्याच्या वाहतुकीविषयीचा युरोपचा नवा कायदा मे २०२७ पासून विकसनशील देशांकडे होणाऱ्या निर्यातीला लागू होणार आहे. माल घेणारा देश त्यावर सुरक्षित प्रक्रिया करतो, याची खात्री पटली तरच निर्यातीला परवानगी मिळेल.

भारत घेणारा मोठा

नव्या ॲल्युमिनियमच्या उत्पादनात भारत चीनखालोखाल जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. वर्षाला ४० लाख टनांहून अधिक धातू देशात तयार होतो. माणशी वापर मात्र अवघा तीन किलोच्या आसपास. जगाची सरासरी त्याच्या तिप्पट-चौपट आहे. ज्या देशात वापरच उशिरा वाढला, तेथे भंगारही उशिरा निघते. खिडकीची चौकट तीस वर्षे टिकते, मोटारगाडी पंधरा-वीस वर्षे. आज भारतात लागणाऱ्या भंगाराचा मोठा भाग परदेशातून येतो, त्याचे हे एक कारण.

हा माल न्हावा शेवा आणि मुंद्रा यांसारख्या बंदरांत उतरतो. त्यावरील शुल्क हा वादाचा विषय आहे. नव्या धातूच्या आयातीवर ७.५ टक्के, तर भंगारावर २.५ टक्के सीमाशुल्क आहे. स्वस्त भंगाराचा महापूर देशी उत्पादनाला मारक आहे, सबब शुल्क वाढवावे, अशी मोठ्या धातू कंपन्यांची मागणी आहे. पुनर्प्रक्रिया उद्योगाला ते शून्यावर हवे आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात तांबे, शिसे, जस्त आदींच्या भंगारावरील शुल्क माफ झाले. ॲल्युमिनियमचे मात्र कायम राहिले.

या व्यवसायात भारतीय भांडवल जागतिक पातळीवर पुढे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदाल्कोने २००७ मध्ये सहा अब्ज डॉलरला नोव्हेलिस ही कंपनी विकत घेतली. अमेरिकेतील अटलांटा येथून चालणारी नोव्हेलिस ही ॲल्युमिनियमवर पुनर्प्रक्रिया करणारी जगातील सर्वांत मोठी कंपनी मानली जाते. जुन्या डब्यापासून पुन्हा नवा डबा बनविणे हे तिचे प्रमुख काम आहे. ब्राझीलमध्ये तर शीतपेयांचे ९५ टक्क्यांहून अधिक डबे गोळा होऊन परत भट्टीत जातात.

मोल निवडीचे

सांगली-सातारा भागाला धातू गाळण्याचे शास्त्र नवे नाही. विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर विखुरले आहेत. जुन्या दागिन्यातील हीण जाळून, आम्लात विरघळवून निव्वळ सोने वेगळे करता येते. त्यामुळे सोन्याची मोड कितीही मळकी असली तरी त्याचे मोल उरते.

ॲल्युमिनियममध्ये नेमकी ही सोय नाही. प्राणवायूशी त्याचे सख्य इतके दाट असते, की हीण जाळू पाहिले तर आधी तोच जळतो. वितळलेल्या धातूतून मॅग्नेशियम काढता येते. परंतु लोखंड, तांबे, सिलिकॉन, जस्त एकदा मिसळले, की साध्या भट्टीत ते वेगळे होत नाहीत. वरून शुद्ध धातू ओतून त्यांचे प्रमाण कमी करणे एवढाच उपाय उरतो आणि तो महाग पडतो. म्हणून ॲल्युमिनियमची शुद्धता भट्टीत जाण्याआधी, हाताने केलेल्या निवडीतच ठरते.

वरकरणी सारखे दिसणारे ॲल्युमिनियम प्रत्यक्षात अनेक जातींचे असते. विजेच्या तारेत ते जवळजवळ शुद्ध असते. खिडकीच्या चौकटीत थोडे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते, डब्यांच्या पत्र्यात मँगनीज. इंजिनाच्या ओतीव भागांत सिलिकॉनचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. चौकटींच्या गोणीत दोन पिस्टन गेले, तर त्या मालापासून पुन्हा चौकट होत नाही. त्याची रवानगी ओतीव मालात होते.

जागतिक बाजाराने यासाठी स्वतःची भाषाच तयार केली आहे. मोटारगाड्यांचे तुकडे करून मिळालेला, प्रामुख्याने ॲल्युमिनियम असलेला मिश्र माल ‘झोर्बा’ म्हणून ओळखला जातो. त्यातून वेगळे काढलेले ॲल्युमिनियमचे तुकडे म्हणजे ‘ट्विच’, जुना मिश्र पत्रा म्हणजे ‘टेंट टॅबर’, ओतीव भाग म्हणजे ‘टेन्स’. परदेशातील विक्रेता आणि न्हाव्याशेव्याचा खरेदीदार एकमेकांना न भेटता व्यवहार करू शकतात तो या नावांच्या भरवशावर. कारण त्या प्रत्येक नावामागे मालात काय असावे आणि काय नसावे, याचा करार असतो. मेढ्याच्या गोणीला असे नाव नाही. परदेशी माल वाहतूकखर्च आणि शुल्क सोसूनही कारखान्यांना परवडतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

मिश्र मालाची आजवर एक सोय होती. दुचाकींच्या इंजिनांसाठी वापरला जाणारा ‘एडीसी १२’ हा मिश्रधातू सिलिकॉन, तांबे आणि काही प्रमाणात लोखंडही खपवून घेतो. तो मुख्यतः भंगारापासूनच बनतो. पुणे-चाकण परिसरातील वाहन उद्योगामुळे पश्चिम महाराष्ट्रात त्याला मोठी मागणी आहे. साताऱ्याचे नाते त्याहून जुने. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र स्कूटर्स’च्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. स्कूटरचे उत्पादन थांबल्यानंतर ही कंपनी धातू ओतण्याचे साचे बनविण्याकडे वळली.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मात्र पेट्रोल इंजिनच नसते. बॅटरीच्या पेट्या आणि गाडीच्या सांगाड्याचे मोठे ओतीव भाग यांना ॲल्युमिनियम लागते, परंतु ते कमी लोखंडाचे, निवडक प्रतीचे. त्यामुळे मिश्र भंगाराला सामावून घेणारी जुनी वाट पुढे अरुंद होण्याची आणि निवडलेल्या मालाचा दर आणखी वर जाण्याची शक्यता आहे.

धोका आणि चोरी

भंगाराच्या व्यवसायातील जोखीम सर्वाधिक प्रमाणात खालच्या टोकालाच असते. डब्यात पाणी राहिले आणि तो वितळलेल्या धातूत पडला, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन स्फोट होतो. तारांवरील प्लास्टिक जाळून धातू काढण्याची पद्धत विषारी धुराला कारण ठरते. भट्टीवर तरंगणारी मळी घातक कचऱ्यात मोडते. ती उघड्यावर टाकल्यास पाण्याशी संयोग होऊन अमोनियासारखे वायू सुटतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेले जुने उपकरण मोडले गेले आणि त्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. माल काय आहे हे न कळता तो हाताळणे किती महागात पडते, याचा तो धडा होता.

दर चढले की चोऱ्याही वाढतात. शेतीपंपांच्या वाहिन्यांवरील ॲल्युमिनियमच्या तारा कापून नेण्याचे प्रकार राज्यात वारंवार घडतात. त्याचा फटका ऐन हंगामात शेतकऱ्याला बसतो, कारण नवी तार ओढली जाईपर्यंत पाणी बंद राहते. वीज कायदा २००३ च्या कलम १३६ नुसार वीजवाहिन्यांच्या साहित्याची चोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यावरही फौजदारी कारवाई होते. तार वितळली की तिची ओळख पुसली जाते. म्हणून खरेदीच्या जागीच नोंद ठेवणे हा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध ठरतो. प्रामाणिक दुकानदाराचे संरक्षणही त्यातच आहे.

नियम खालपर्यंत पोहोचतील का?

केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२० मध्ये लोहेतर धातूंच्या भंगारासाठी राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, तांबे आणि जस्त यांच्यासाठी ‘विस्तारित उत्पादक दायित्वा’चे नियम अधिसूचित करण्यात आले. त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली. या नियमांनुसार वस्तू बनविणाऱ्यावर त्या वस्तूच्या अखेरच्या विल्हेवाटीचीही जबाबदारी येते. २०२६-२७ मध्ये दहा टक्के आणि पुढे वाढत जाऊन २०३२-३३ पर्यंत ७५ टक्के, असे पुनर्प्रक्रियेचे लक्ष्य आहे. उत्पादक आणि प्रक्रिया करणारे उद्योग यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगांकडून मिळणारी प्रमाणपत्रे घेऊन उत्पादक आपले लक्ष्य पूर्ण करू शकतात.

करांची साखळीही घट्ट झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने धातूचे भंगार घेतल्यास वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकण्यात आली. बनावट बिलांना आळा घालणे हा त्यामागील हेतू. लहान दुकानदाराला त्यामुळे कर भरण्यापासून सूट मिळत असली, तरी कागदपत्रांची मागणी त्याच्या दारापर्यंत येऊन ठेपली आहे.

हे सारे नियम कारखान्याच्या फाटकापासून सुरू होतात. फेरीवाला, कचरावेचक आणि गावातील दुकानदार त्यांत अस्पष्टच राहतात. प्रमाणपत्राला बाजारात किंमत येईल, तेव्हा तिचा काही वाटा माल वेगळा करणाऱ्या हातांना मिळणार काय, हा कळीचा प्रश्न आहे. तो न मिळाल्यास मोठे उद्योग आयात मालावरच विसंबून राहतील आणि युरोपने दरवाजा लावून घेतला, की तोही मार्ग अवघड होईल.

संघटित झाल्यास कचरावेचकही या साखळीत सन्मानाने उभे राहू शकतात, हे पुण्याने दाखविले आहे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने कचरावेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा उचलण्याचे काम तिच्याकडे आले. सहकाराची परंपरा असलेल्या साताऱ्यात तालुका पातळीवर सुका कचरा वेगळा करणारी केंद्रे बचत गटांमार्फत चालविणे अशक्य नाही. मेढ्यासारख्या नगरपंचायतीच्या गावात त्यासाठी एक शेड, एक खात्रीचा काटा, लोखंड ओळखण्यासाठी चुंबक आणि चार-पाच वेगळे कप्पे एवढी तयारी पुरेशी आहे. धातूची जात अचूक सांगणारे हातात धरण्याचे यंत्र महाग असले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते सामायिक ठेवता येईल.

बॉक्साइटच्या खाणीला परवानगी, भूसंपादन आणि वर्षानुवर्षांचा वाद यांतून जावे लागते. घरांच्या माळ्यावर पडलेल्या धातूला यांपैकी कशाचीच गरज नाही. फक्त तो वेगळा ठेवण्याची सवय आणि वेगळा ठेवणाऱ्याला वेगळा दर मिळण्याची खात्री हवी. ही खात्री देणारी व्यवस्था जो तालुका आधी उभारील, त्याची गोणी पुढच्या बाजारात नावाने ओळखली जाईल.

भंगार देताना एवढे करावे

- भांड्याच्या लोखंडी मुठी, स्क्रू आणि रिव्हेट शक्य असल्यास काढून ठेवावेत. चुंबक चिकटला तर तो भाग ॲल्युमिनियमचा नाही.
- तार, खिडकीच्या चौकटी, भांडी आणि इंजिनाचे ओतीव भाग वेगवेगळ्या पिशव्यांत द्यावेत. चारही मालांचे दर वेगळे असतात.
- शीतपेयांचे डबे रिकामे करून, वाळवून द्यावेत.
- तारेवरील प्लास्टिक जाळू नये. जळल्याने धातूची प्रत खालावते आणि धूर आरोग्यास घातक ठरतो.
- बंद नळकांडी, फवाऱ्याचे भरलेले डबे, वैद्यकीय अथवा प्रयोगशाळेतील जुनी उपकरणे भंगारात देऊ नयेत.